तो काळा बॉल तू सोडला नव्हतास

राघो,

तू गेलास त्याला महिनाही झाला नाही, आणि लोकांनी तुला सज्जन करून टाकलं. माझ्या दुकानात औषध घ्यायला येणारा माणूस सुस्कारा सोडून म्हणतो, "फार मोठ्या मनाचा हो." परवा कल्याणला स्टेशनाबाहेर एकाने तुला गरीब स्वभावाचा म्हटलं. मी त्याला चहा पाजणार होतो, तो बेत रद्द केला.

तू मोठ्या मनाचा नव्हतास. तू बढाईखोर होतास. मिशीला पीळ देऊन आणि पांढऱ्या कोटाच्या बाह्या मनगटापर्यंत नीट ओढून तू क्लबात शिरायचास तेव्हा नवा माणूस तुलाच सेक्रेटरी समजायचा. तुला हरणं सोसायचं नाही. गणपतीत तुझ्या ठाकुर्लीच्या घरी पत्त्यांचा डाव बसला की तू स्वतःच्या भाचरांशी भांडायचास आणि यमुनावहिनी आतून ओरडायच्या, "पोरांशी तरी नीट खेला." असा माणूस वारला म्हणून एकदम देवमाणूस होत नाही. झालेला मला चालणार नाही.

क्लबात तुझं काम काय होतं हेही लोक विसरायला लागलेत. इंग्रज इंजिनियर कल्याणच्या खाडीकडचा क्लब सोडून गेले, तेव्हा मागे एक टेनिस कोर्ट, थोड्या आरामखुर्च्या आणि ते भलंमोठं स्नूकरचं टेबल राहिलं. हिरव्या कापडाखाली दगडी लाद्या, ते कोण उचलून नेणार? मग वकील, डॉक्टर, गिरण्यांतले अधिकारी असे आपले लोक सभासद झाले. पुढे वर्गणीदार कमी पडले, म्हणून माझ्यासारख्या डोंबिवलीच्या औषधवाल्यालाही घेतलं. तू आधीपासून होतास. मार्कर. टेबल झाडायचं, कापडाला इस्त्री करायची, गुण मांडायचे, पॉकेटात गेलेले रंगीत बॉल काढून पुन्हा जागेवर ठेवायचे, आणि एखाद्याला जोडीदार मिळाला नाही तर त्याच्याशी खेळायचं.

खेळायचं म्हणजे हरायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. सभासदाला घाम फुटेपर्यंत झुंजवायचं आणि शेवटच्या एकदोन बॉलवर त्याला जिंकू द्यायचं. याला क्लबात "सांभाळून घेणं" म्हणत.

मला माहीत नव्हतं. मी नवा होतो. दुसऱ्याच आठवड्यात मी तुला शेवटच्या काळ्या बॉलवर हरवलं आणि घरी जाऊन बायकोला रंगवून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसून तुझा एका डॉक्टरांशी चाललेला खेळ पाहिला. तू अगदी तसाच हरलास, त्याच बॉलवर, तशीच मान हलवून. डॉक्टर गेल्यावर मी तुला विचारलं, "राघो, काल मला जिंकू दिलंस?"

तू खडूची वडी क्यूच्या काठीच्या टोकावर फिरवत होतास. "सगल्यांनाच देतो साहेब. तुमी काय येगले?"

"मला देऊ नकोस. कधीच देऊ नकोस. मला हरव."

तू माझ्याकडे नीट पाहिलंस. मग कोट काढून खुंटीला लावलास आणि मला असं झोडपलंस, की अर्धा वेळ मी नुसता क्यू धरून उभा होतो. संपल्यावर तू म्हणालास, "आता मना बरा वाटला." त्या दिवसापासून मी साहेब राहिलो नाही. क्लबात कोणी नसलं की "चल भटा, मांड बॉल" एवढंच.

दोन वर्षं तू मला शिकवलंस. दुकान उघडण्याआधी मी पहिल्या गाडीने कल्याणला यायचो. शिकवणं म्हणजे शिव्याच जास्त होत्या. माझा हात, माझी मान, माझं डोकं, माझी जात, सगळ्यांचा उद्धार व्हायचा. पण एखादा फटका बरोबर बसला की तू काहीच बोलायचा नाहीस, फक्त बॉल काढून पुन्हा तिथेच ठेवायचास. तेवढ्यासाठी मी थंडीत पहाटे उठत होतो.

मग ती स्पर्धा आली.

दरवर्षी क्लबाची स्पर्धा व्हायची आणि रखडायची. पंधरा लाल बॉलचा एकेक डाव, एकच टेबल, महिना पुरायचा नाही. कोणीतरी तोडगा काढला: लाल बॉल सहाच मांडायचे, एका डावात निकाल, हरला तो बाहेर. एका रविवारात सगळं उरकायचं. एका गिरणीच्या मॅनेजरांनी चांदीचा कप दिला. ही बातमी फळ्यावर लागली, तीही तुझ्याच हाताने, आणि खिळा ठोकून झाल्यावर तू सेक्रेटरी प्रधानांकडे गेलास. मी तिथेच होतो.

"साहेब, माझा नाव घाला."

प्रधानांना आधी कळलंच नाही. मग ते हसले. "राघो, ही हौशी लोकांची स्पर्धा. तू धंदेवाईक. खेळण्याचा पगार घेतोस."

"पगार मना बॉल मांडायचा मिलतो," तू म्हणालास. "झाडायचा मिलतो. खेलायचा कोनी देत नाय, तो मी फुकट खेलतो. मंग हौशी कोन झाला?"

मला हसू आवरेना. प्रधानांना राग आला, "कमिटीत बघू" म्हणाले. त्या संध्याकाळी कमिटीत मी तुझी बाजू मांडली, आणि मांडली म्हणण्यापेक्षा भांडणच उकरून काढलं. ठाण्याच्या क्लबचा मार्करही बोलवा, म्हटलं, धंदेवाईक आणि हौशी एकत्र खेळू देत, बघायला लोक येतील. लोक येतील हे त्यांना पटलं. शेवटी ठरलं, की मार्करांनी खेळावं, पण प्रत्येक सभासदाला सुरुवातीलाच वीस गुण द्यावेत. सहा लालच्या डावात वीस गुण म्हणजे जवळजवळ एक पाय बांधून पळायला लावणं. मी चिडलो. तू म्हणालास, "वीस तं वीस. खेलू दे."

खरा डाव तर पुढेच होता. पहिल्या फेरीत तुझी गाठ कप देणाऱ्या मॅनेजरांशी पडली. पडली की पाडली, देव जाणे. रविवारी सकाळी प्रधान तुझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "राघो, कप त्यांनी दिलाय. सांभाळून घे."

कोट काढलास. त्या दिवशी प्रथमच तू सगळ्यांसमोर कोट काढलास. आत तू नवा सदरा घालून आला होतास. साहेबांचे वीस गुण आधीच फळीवर लागले होते. ते वीसच राहिले. तू टेबलाजवळ गेलास तो हटलासच नाहीस. पॉकेटातले बॉल काढून जागेवर ठेवायला कोणी नव्हतं, कारण ते काम करणारा माणूस खेळत होता. शेवटी प्रधान स्वतः वाकले. तुझ्यासाठी बॉल मांडताना त्यांचं तोंड कसं झालं होतं हे आपण पुढे कितीदा आठवून हसलो. तू दर वेळी त्यांची वाकलेली पाठ करून दाखवायचास. वहिनी म्हणायच्या, "पुरे." मी म्हणायचो, आणखी एकदा.

ठाण्याचा मार्कर दुपारी एका डॉक्टरांकडून हरला, वीस गुणांनी त्याचा घात केला. तू मात्र एकेकाला गार करत आलास. दुसऱ्या बाजूने मी आलो, थोडा तुझ्या शिकवणीने आणि थोडा नशिबाने. संध्याकाळी अंतिम सामना: तू आणि मी.

प्रधान फळीवर माझे वीस गुण लावायला लागले. मी म्हटलं, "मला नकोत."

"नियम आहे, केशवराव."

"मग मी खेळत नाही. कप त्याला द्या."

बाहेर व्हरांड्यापर्यंत माणसं दाटली होती. रेल्वेतले, बाजारातले, तुझ्या गावचे कितीतरी जण, जे त्या दिवसापर्यंत क्लबाच्या फाटकातून आत आलेले नव्हते. त्यांच्यासमोर कप मार्करच्या हाती द्यायचा की नियम सोडायचा? प्रधानांनी नियम सोडला. वीस गुण उतरले. तू माझ्याजवळ येऊन पुटपुटलास, "येडा हायस तू. वीस घेतले असते तं वाचला असता."

तो डाव मला तुला सांगायला नको. पण लोक सांगतात तसा तो झाला नाही, म्हणून सांगतो. तू पुढे होतास, मी मागे. पुन्हा मी जवळ आलो, पुन्हा तू पुढे गेलास. शेवटी टेबलावर दोनच बॉल राहिले, गुलाबी आणि काळा, आणि तू पाच गुणांनी पुढे होतास. गुलाबी मी घातला. सहा गुण. मी एकाने पुढे. आता जो काळा घालेल तो जिंकणार. मी मारला, तो गेला नाही, फिरून कोपऱ्याच्या पॉकेटापासून हातभर अंतरावर थांबला. सोपा. मला शिकवताना तू तसला बॉल माझ्याकडे बघत बघत घालायचास.

तू वाकलास. मी समोरच्या बाजूला उभा होतो, म्हणून मला दिसलं, बाकी कोणाला दिसलं नाही. तुझ्या क्यूचं टोक थरथरत होतं. तू उठलास, पुन्हा खडू लावलास, पुन्हा वाकलास. मी तुला कधी दोनदा वाकताना पाहिलं नव्हतं. तू मारलास, काळा पॉकेटाच्या ओठावर दोन्हीकडे आपटला आणि तिथेच बसला. मग तो लहान मुलानेसुद्धा घातला असता. मी घातला.

मग कोणीतरी हसून म्हणालं, "दिला हो दोस्ताला." आणि सगळे हसले, सुटल्यासारखे. सभासद जिंकला, मार्करने रीत पाळली, जग पुन्हा जागेवर आलं. तूही हसलास. मोठ्याने हसलास, माझ्या पाठीत धपाटा घातलास, आणि कोट चढवून बॉल पेटीत भरायला लागलास.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तुला काढलं. क्लबाला मार्कर परवडत नाही म्हणाले, आणि पंधरवड्यात दुसरा ठेवला. कारण सगळ्यांना माहीत होतं. मॅनेजरांचे वीसच्या वीस राहिले, ते कारण.

तेव्हा आपलं भांडण सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. मी कप घेऊन तुझ्याकडे ठाकुर्लीला आलो. म्हटलं, हा त्यांच्या तोंडावर फेकतो आणि राजीनामा देतो. तू भाताच्या खळ्यावर होतास. हातातली सुपली टाकून तू माझ्या अंगावर आलास. "कप परत केलास तं लोक काय बोलतील? बोलतील, दिलेला होता म्हनून परत केला. घरात ठेव. लोकांना दिसंल असा ठेव. आन राजीनामा द्यायचा नाय. आत रहा."

"आत राहून काय करू?"

"डोल्यात खुप त्यांच्या."

मी म्हणायचो, हे तत्त्वाला धरून नाही. तू म्हणायचास, तत्त्व तुम्हा लोकांना परवडतं. दर गणपतीत, दर शिमग्याला हाच वाद. तू अंथरुणाला खिळलास तेव्हाही मी काविळीचं औषध घेऊन आलो आणि आपण औषध सोडून यावरच बोललो. तुझे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, आणि तू म्हणत होतास, "राजीनामा दिलास तं भूत होऊन येईन." मी उत्तर दिलं नाही. वाटलं, बरा झालास की देऊ. ते राहिलं.

पण मधली वर्षं कोण विसरेल? मुंबईतलं एक बंद पडलेलं क्लबघर मोडलं तेव्हा तिथलं जुनं टेबल तू कसं आणलंस, बैलगाड्यांतून, लाद्यांवर गोधड्या घालून, हे गावात अजून सांगतात. घराशेजारी पत्र्याची शेड उभारलीस, बत्त्या टांगल्यास. कापडाला ठिगळं होती आणि एका अंगाला उतार होता. तो उतार तुला पाठ, आम्हाला नाही, म्हणून तू जिंकायचास. निदान मी तरी असं म्हणायचो. तिथे दरवर्षी तू सहा लालची स्पर्धा भरवलीस. कल्याणचे डॉक्टर आले, ठाण्याचा मार्कर आला, रेल्वेचे गँगमन आले, मिठागरावरचा तुझा मेव्हणा आला. कोणाला वीस गुण नाहीत, कोणाला पाच नाहीत. आणि कोणी सांभाळून घेताना दिसला तर तू क्यू काढून घेऊन त्याला बाहेर काढायचास. तुझ्या सख्ख्या मेव्हण्याला काढलंस.

त्या शेडमध्ये तू मला किती वेळा हरवलंस त्याची गणती नाही. पंधरा लाल मांडून, सहा लाल मांडून, डाव्या हाताने. प्रत्येक वेळी म्हणायचास, "बघ, त्या दिशी पंधरा आसते तं तू गेला होतास." लोकांसमोर मात्र हसत सांगायचास, "याने मना हरवला, माझ्याच चेल्याने." आणि ऐकणारा माणूस माझ्याकडे बघून डोळा मारायचा.

त्या डोळा मारण्याने मला आत कुठेतरी पोखरलं, राघो. क्यूचं टोक थरथरलेलं मी पाहिलं होतं. तू मला शब्द दिला नव्हतास, पण तुझ्या "आता मना बरा वाटला"ला मी शब्दच मानत होतो. तरी कधी कधी वाटायचं, मी वीस गुण नाकारले म्हणून तर तू सोडला नसशील? मी तुला कधी विचारलं नाही. विचारणं म्हणजे संशय घेणं. आणि तू "नाही" म्हणाला असतास, तर तो दोस्ताच्या समाधानासाठी म्हणालास असं वाटलं असतं. असा तो प्रश्न इतकी वर्षं आपल्या दोघांमध्ये बसून चहा पीत राहिला.

गेल्या शनिवारी क्लबात तुझी शोकसभा झाली. हो, त्याच क्लबात. तुझा फोटो नव्हता, म्हणून स्पर्धेच्या दिवसाचा फोटो भिंतीवरून काढून त्याला हार घातला. त्यात तू मागे अर्धा दिसतोस. प्रधान आता थकलेत, ते अध्यक्ष होते. बोलता बोलता म्हणाले, "राघोची निष्ठा अशी, की अंतिम सामन्यात हातातला काळा बॉल सोडून त्याने एका सभासदाचा मान राखला. असे सेवक आता मिळत नाहीत."

मी उभा राहिलो. म्हटलं, "त्याने सोडला नाही. त्याचा चुकला."

"केशवराव, गेलेल्या माणसाचं कौतुक चाललंय."

"त्याचं नाही, तुमचं चाललंय. तो तुमच्याशी आयुष्यभर खोटा हरला आणि एकदाच खरा हरला. तेवढा एक डाव त्याचा होता. तोही तुम्ही तुमच्या खात्यात घालताय."

कोणी खोकलं. कोणी म्हणालं, बसा. मी बसलो नाही. तिथेच सांगितलं, की पुढच्या स्पर्धेत मार्कर खेळतील, कोणाला गुण द्यावे लागणार नाहीत, हा ठराव मी मांडणार, आणि हरलो तर पुढच्या वर्षी पुन्हा मांडणार. राजीनामा देणार नाही. हे तू सांगितलंस म्हणून नाही, समजलास? त्या वादात मी अजून हरलेलो नाही. मी राहणार, कारण माझ्याकडे बघून त्यांचा चहा कडू होतो हे मला शनिवारी दिसलं.

तिथून घरी आलो, पण चैन पडेना. जे सभेत ठणकावून सांगितलं, ते मला स्वतःला तरी ठाऊक होतं का?

रविवारी दुपारी ठाकुर्लीला गेलो. यमुनावहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी सभेचं सगळं सांगितलं, प्रधान काय म्हणाले, मी काय म्हणालो. त्या हात न थांबवता ऐकत होत्या. प्रधानांचं वाक्य ऐकून त्यांनी मान वर केली.

"सोडला? कोन बोलला सोडला?"

"सगळेच म्हणतात, वहिनी."

"त्या सगल्यांना बोलवा माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "त्या दिशी घरी आला तो तोंड फुगवून. ताट वाढला तं ताटावरनं उठला. दुसऱ्या दिशी पन जेवला नाय, बांधावर जाऊन बसला. मी गेली इचारायला. बोलली, एवढा काय झाला, दोस्तालाच दिला ना? तं माझ्यावर वसकला. बोलला, दिला नाय, गेला. हाताशी आलेला गेला. आन मंग तुमाला ज्या शिव्या घातल्या भावोजी, त्या मी तोंडानं बोलू नाय शकत. बोलत होता, मेल्याला मीच शिकवला, मीच शिकवला."

मी हसायला लागलो. ओट्याच्या खांबाला धरून हसलो, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेना. वहिनींना आधी वाटलं, माझं काही बिनसलं.

"हसताव कशाला भावोजी?"

"वहिनी," मी म्हटलं, "त्या शिव्या सांगाच. एकूण एक सांगा."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला, आणि सांगायला सुरुवात केली.